चिंगीसाठी स्थळ पाहताना

२०२५ च्या आषाढात आमच्या जिन्याखाली एक पिल्लू येऊन बसलं. जेमतेम दोन महिन्यांचं, गव्हाळ रंगाचं, एका कानाला गोचिडांचा घोस. आई गाडीखाली गेली, असं वॉचमनकाका म्हणाले. आमच्याकडे सासूबाईंना दमा. त्यामुळे 'दोनच दिवस, मग कुठंतरी देऊन टाकायचं' या बोलीवर ते बाल्कनीत आलं. त्या दोन दिवसांचे पुढे अडीच महिने झाले!

फोनवरचा पहिला प्रश्न हमखास, "नर आहे का?" आमची चिंगी मादी. ते ऐकून पलीकडचा आवाज थंडावतो. दुसरा प्रश्न, "जात कुठली?" गावठी म्हटलं की तिसरा प्रश्न येतच नाही. मुलीसाठी स्थळं पाहणाऱ्या आईबापांचं दुखणं त्या पावसाळ्यात मला नीट कळलं. वास्तविक मादीची नसबंदी सहाएक महिन्यांची झाली की करता येते आणि पिलावळीची धास्ती तिथंच संपते. गावठी कुत्रं तर इथल्याच हवापाण्यात मुरलेलं. पण हे फोनवर कुणाला पटवणार?

अखेर एक स्थळ जमलं. मुलाचा वाढदिवस होता, नवराबायको दोघं हौशी. चिंगीच्या गळ्यात लाल रिबीन बांधून घेऊन गेले. नवव्या दिवशी परत आणून दिली. "घरभर शू करते हो ताई!" आता एवढंसं पिल्लू, त्याला दर दीड-दोन तासांनी बाहेर न्यायला हवं. पण हे दोघं सकाळीच नोकरीला जाणार, मुलगा शाळेत. दिवसभर चिंगी पडली ती घरातल्या आजींच्या गळ्यात, आणि आजींना कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही. कुणीतरी 'हो' म्हटलं याच आनंदात मी होते.

परत आलेली चिंगी दोन दिवस वॉशिंग मशीनखालून बाहेर आली नाही. बेल वाजली की आणखी आत सरकायची.

मग मीच प्रश्न विचारायला लागले. दिवसा घरी कोण असतं? घर भाड्याचं असेल तर मालकाला विचारलंय का? गावाला गेलात तर कुणाकडे ठेवाल? काही जण रागावले. एक गृहस्थ म्हणाले, "कुत्रं देताय की कन्यादान करताय?" मधल्या काळात डॉक्टरांनी जंतांचं औषध दिलं, लसी सुरू केल्या. पार्व्होची लस एकदा टोचून भागत नाही. पिल्लू चार महिन्यांचं होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं पुन्हा टोचावी लागते. रेबीजची साधारण तिसऱ्या महिन्यात. हे कार्ड पिल्लासोबत नव्या घरी जायलाच हवं.

त्याच सुमारास, २२ ऑगस्टला, सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. रस्त्यावरची कुत्री दत्तक घ्यायची असतील तर पालिकेकडे अर्ज करा. मात्र दत्तक घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येता कामा नये. वाचून मला ती लाल रिबीन आठवली.

सप्टेंबरअखेर एक निवृत्त जोडपं आलं. या वेळी प्रश्न त्यांनीच विचारले. "ही बारा-चौदा वर्षं जगेल. मी अडुसष्टचा. पुढं काय?" काकांनी हे इतकं सरळ विचारलं की मी गप्पच झाले. काकूंनी मात्र उत्तर आणलं होतं. लेक त्याच बिल्डिंगमध्ये राहते, तिच्याशी बोलणं झालंय. मी म्हटलं, आधी पंधरा दिवस ठेवून पाहा. चिंगीबरोबर तिचं अंथरुणाचं जुनं गोणपाटही दिलं, न धुता. ओळखीचा वास असला की पिल्लू लवकर रुळतं.

पहिल्या रात्री काकूंचा फोन आला. रडतेय. दुसऱ्या रात्री पुन्हा. तिसऱ्या रात्री फोन नाही; मीच जागी.

पंधरा दिवसांनी भेटायला गेले. बेल वाजवली, तर दारामागून चिंगी माझ्यावरच भुंकायला लागली. आतून काकांचा आवाज आला, "अगं ए, माहेरची माणसं आहेत ती!"