मोडीतील मोटार शेतकऱ्याच्या कामी

बीड जिल्ह्याच्या धारूर तालुक्यातील तेलगाव हे चौरस्त्याचे गाव आहे. बीडहून वडवणीमार्गे परळीकडे जाणारा रस्ता आणि माजलगावहून धारूरकडे जाणारा रस्ता येथे एकमेकांस छेदतात. उत्तरेकडे सिंदफणा नदीवरील माजलगाव धरणाच्या पाण्याखालील उसाचा टापू आहे, तर दक्षिणेकडे बालाघाटच्या डोंगरातील हलकी, कोरडवाहू जमीन आहे. तेलगावनजीक सहकारी साखर कारखाना उभा आहे. तथापि डोंगरपट्ट्यातील पुष्कळ कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर बैलगाडी जुंपून किंवा ट्रकमध्ये संसार भरून पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीस जातात.

या टापूत ‘कोयता’ हा शब्द नुसत्या हत्याराचा वाचक नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता आणि एकटाच माणूस आला तर अर्धा कोयता, अशी तोडणीच्या टोळीत गणना होते. अशा कुटुंबाच्या गरजा मोजक्याच, परंतु निकडीच्या असतात. टंचाईच्या वर्षी घरच्यांसाठी व जनावरांसाठी पाणी वाहून आणणारी गाडी हवी. हंगामभर धार टिकविणारा कोयता हवा. फडाशेजारच्या कोपीत पहाटेचा स्वयंपाक करण्यापुरता आणि विंचू-साप दिसण्यापुरता उजेड हवा. मोडीत निघालेल्या मोटारीतून या तिन्ही गरजा बऱ्याच अंशी भागविता येतात. मात्र तिचा कोणता भाग घ्यावा, कोणता टाकावा आणि घेतलेल्या भागावर किती भार द्यावा याचे ज्ञान पाहिजे.

दुष्काळातील जुना अनुभव

ही कल्पना नवी नव्हे. सन १९३० नंतरच्या दशकात कॅनडाच्या गवताळ मैदानी प्रदेशात मंदी व अवर्षण ही दोन्ही संकटे एकदमच कोसळली. शेतकऱ्यांजवळ पेट्रोलास पैसा उरला नाही. तेव्हा त्यांनी आपल्या मोटारींतील इंजिने काढून टाकली, पुढे दांडी बसविली आणि घोडे जुंपले. त्या वेळचे पंतप्रधान बेनेट यांच्या नावावरून लोक उपहासाने या वाहनांस ‘बेनेट बग्गी’ म्हणू लागले. या उदाहरणातील बोध असा की, अडचणीच्या काळी मोटारीचे इंजिन निरुपयोगी ठरले, पण तिची चाके उपयोगी पडली. जो भाग चालविण्यास विकतचे तेल लागत नाही आणि जो बिघडल्यास गावातच दुरुस्त होतो, तोच भाग शेतकऱ्यास स्वावलंबी करतो.

पाण्याची गाडी

पुढच्या चाकांना इंजिनाची शक्ती मिळते अशा लहान मोटारींपैकी अनेकींत मागचा आख नुसता भार वाहणारा, एकसंध असतो. त्याच्यासोबत हब, बेअरिंग, ब्रेकचे ड्रम व हातब्रेकची तार हे सर्व जागच्या जागी मिळते. हलकी बैलगाडी करण्यास हा आख सोयीचा आहे. मागच्या चाकांना शक्ती देणाऱ्या जुन्या मोटारींचा आख मात्र दंतचक्रांमुळे जड असतो व बैलांवर विनाकारण ओझे पडते.

या गाडीवर किती भार घालावा, याचा हिशेब आधी केला पाहिजे. टायरच्या बाजूवर मापापुढे एक अंक छापलेला असतो. तो भार दर्शविणारा अंक होय. ६९ या अंकाचा अर्थ एका टायरवर जास्तीत जास्त ३२५ किलो, आणि ८२ चा अर्थ ४७५ किलो. म्हणजे दोन टायरांवर अनुक्रमे ६५० व ९५० किलो झाले. परंतु आखाचीही मर्यादा असते. माणसे व सामान यांसह मोटारीचे जे पूर्ण वजन कंपनीने ठरविलेले असते, त्याच्या निम्म्याहून अधिक भार एका आखावर देऊ नये. टायर व आख या दोहोंच्या मर्यादांपैकी जी कमी असेल ती धरावी व तीतून गाडीचे स्वतःचे वजन वजा करावे.

उदाहरणार्थ, पूर्ण भारासह १,००० किलो वजनाच्या मोटारीचा आख घेतल्यास मर्यादा ५०० किलो होते. साटा, दांडी व जू मिळून गाडी २५० किलोची धरली, तर २०० लिटरचे एकच पिंप तीवर नेता येईल. दोन पिंपे न्यावयाची असतील तर १,४०० ते १,५०० किलो वजनाच्या मोटारीचा आख व त्याजोगे टायर घ्यावेत. यावरून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. उसाच्या मोळ्यांनी भरलेल्या गाडीचा भार याहून कितीतरी अधिक असतो. म्हणून मोटारीचा आख ऊसगाडीस कदापि लावू नये. त्यासाठी बैलगाडीकरिता म्हणून बनविलेले जाड आख व टायरच वापरावेत.

टायर घेताना त्याच्या बाजूवरील चार आकडी खूण वाचावी. ‘२३१८’ याचा अर्थ सन २०१८ मधील तेविसाव्या आठवड्यात बनविलेला टायर. बाजूला भेगा पडलेला, फुगवटा आलेला अथवा तार उघडी पडलेला टायर घेऊ नये. बेअरिंग रॉकेलने धुऊन कोरडे करावे. त्याच्या लाटांवर खड्डे किंवा जळाल्याची निळी झाक दिसल्यास ते टाकून द्यावे. चांगले असल्यास ग्रीस दाबून भरावे व चाक हलके फिरेल पण डुलणार नाही अशा बेताने बसवून खीळ घालावी.

पिंपे काठोकाठ भरून घट्ट बांधावीत. अर्धवट भरलेल्या पिंपातील पाणी हिंदकळते व त्याचा धक्का बैलांच्या मानेस बसतो. भाराचा मध्य आखाच्या किंचित पुढे राहील असे पाहावे. तो फार पुढे गेल्यास जू जड होते आणि मागे गेल्यास दांडी वर उचलली जाते. कीटकनाशकाचे रिकामे पिंप पाण्यासाठी कधीही वापरू नये.

उतारावरील धोका

हवेच्या टायरची व बेअरिंगची गाडी सपाटीवर हलकी चालते हा तिचा गुण आहे. उतारावर हाच गुण घातक ठरतो. लाकडी चाकाची गाडी घर्षणामुळे आपोआप रोखली जाते. टायरची गाडी बैलांना पुढे ढकलीत नेते. तेलगावहून धारूरकडे जाताना घाट लागतो. अशा वाटेवर ब्रेकविना गाडी नेणे म्हणजे बैल व गाडीवान या दोघांचाही जीव धोक्यात घालणे होय. म्हणून आख घेताना ब्रेकचे ड्रम, आतील अस्तराचे पट्टे, तार व हातब्रेकचा दांडा हे सर्व सोबत घ्यावे. हातब्रेक तारेवर चालतो, त्यास ब्रेकचे तेल लागत नाही. दांडा गाडीवानाच्या हाताशी बसवावा. रिकाम्या गाडीवर व नंतर भरलेल्या गाडीवर, सौम्य उतारावर त्याची परीक्षा घेतल्याखेरीज घाटात जाऊ नये.

ओझे वाहणाऱ्या जनावरांसंबंधी १९६५ साली केलेल्या नियमांत साध्या चाकाच्या गाडीपेक्षा हवेच्या टायरच्या गाडीस दीडपट भार मान्य केला आहे, परंतु तीव्र चढाच्या लांब वाटेवर तो निम्म्यावर आणण्यास सांगितले आहे. त्याच नियमांनुसार बैलांकडून दिवसाकाठी नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये आणि पारा ३७ अंशांच्या वर गेला असता दुपारी बारा ते तीन या वेळात त्यांस जुंपू नये. मोटारीच्या मागील दिव्यांची लाल, चकाकणारी काच गाडीच्या मागे लावल्यास रात्री येणाऱ्या वाहनास गाडी दुरून दिसते. हा भाग भंगारात अगदी अल्प मोलाने मिळतो, आणि त्याने प्राण वाचतात.

कोयत्याचे पोलाद

जीप, टेम्पो, ट्रक आणि जुनी ॲम्बेसेडर यांच्या चाकांवर कमानपाटे असतात. साध्या लोखंडी पट्टीत कार्बनचे प्रमाण अत्यल्प असल्याने तिला धार धरत नाही. कमानपाट्याच्या पोलादात ते शेकडा अर्धा भाग किंवा त्याहून थोडे अधिक असते. म्हणूनच गावोगावचे लोहार कोयता, विळा व वखराची फास करण्यास तो पसंत करतात.

पाटा घेताना तो घासून स्वच्छ करावा व मधल्या छिद्राभोवती केसासारखी चीर आहे काय ते बारकाईने पाहावे. पाटा नारंगी तापल्यावरच घणाखाली घ्यावा. तो काळपट लाल झाल्यावर ठोकल्यास आत भेगा पडतात. आकार आल्यानंतर पात्यास पुन्हा एकसारखा लाल होईपर्यंत तापवावे. लोहचुंबक चिकटेनासे झाले म्हणजे योग्य उष्णता आली असे समजावे. लोहारकामात या क्रियेस ‘पाणी देणे’ म्हणतात, परंतु कमानपाट्यास पाण्यात बुडविल्यास तो तडकण्याचा संभव असतो. त्यास कोमट तेलातच बुडवावे.

या अवस्थेत पाते काचेसारखे ठिसूळ असते. म्हणून ते घासून चकचकीत करावे व पाठीच्या बाजूने मंद तापवावे. पृष्ठभागावर प्रथम पिवळा, मग तपकिरी, जांभळा व शेवटी निळा रंग धावू लागतो. पाठ निळी व धार तपकिरी-जांभळी झाली की ताप थांबवावा. असा कोयता दगडाला लागला तरी सहसा तुटत नाही व वरचेवर शेवटावा लागत नाही. दिवसभर फडात वाकणाऱ्या स्त्रीच्या मनगटास बोथट कोयता किती शिणवितो, हे तिलाच ठाऊक असते.

कोपीतील उजेड

मोटार मोडीत निघाली तरी तिची बॅटरी प्रत्येक वेळी मेलेली नसते. ती पूर्ण भारून रात्रभर तशीच ठेवावी व सकाळी मोजावी. सुमारे १२.४ व्होल्ट किंवा अधिक भरल्यास ती दिव्यापुरती कामाची आहे. १२ च्या खाली गेल्यास घेऊ नये. मोटारीचा पुढचा दिवा ताशी जवळजवळ पाच अँपिअर खातो, तो कोपीत लावू नये. पाच वॅटचा एलईडी दिवा पाच तास जळाला तरी जेमतेम दोन अँपिअर-तास वीज लागते. क्षमता निम्मी उरलेली ३५ अँपिअर-तासांची बॅटरीही असे दोन दिवे रात्रभराच्या गरजेपुरते चालवू शकते. दिवसा ती भारण्यास लहान सौर तक्ता व त्याचा नियंत्रक पुरतो.

बॅटरीच्या धन टोकालगत फ्यूज अवश्य बसवावा. भारताना तीतून पेट घेणारा वायू निघतो, सबब ती चुलीपासून व झोपण्याच्या जागेपासून दूर, उघड्यावर ठेवावी. निकामी बॅटरी फोडून शिसे काढू नये. शिशाचे विष लहान मुलांच्या मेंदूस बाधते. बॅटरीच्या टाकाऊ मालासंबंधी २०२२ च्या नियमांप्रमाणे ती विक्रेत्यास किंवा अधिकृत संकलकास परत द्यावी.

टाकावे ते काय

जुने इंजिन पाण्याच्या पंपास जोडण्याचा मोह होतो. परंतु इंधनाचा खर्च व दुरुस्ती यांमुळे ते शेतकऱ्यास परावलंबी करते. निकामी टायर जळणास वापरू नयेत, त्यांचा धूर विषारी असतो. ते उघड्यावर पडल्यास पाणी साचून डेंग्यूचे डास होतात, यास्तव त्यांस भोके पाडावीत.

जुन्या भागांतून रस्त्यावर चालणारी नवी मोटार बनविणे ही निराळी गोष्ट आहे. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांनी तशी एक छोटी चारचाकी घडविली व २०२१ च्या डिसेंबरात तिची देशभर वाखाणणी झाली. उद्योगपती आनंद महिंद्र यांनीही कौतुक केले, परंतु नियमांमुळे ती रस्त्यावर चालू दिली जाणार नाही हे ओळखून तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये लोहार यांना ती मिळाली. कसब कितीही मोठे असले तरी कायद्याची चौकट सुटत नाही, हे यावरून दिसते.

रस्त्याकडेला वर्षानुवर्षे पडून असलेली मोटार बेवारस दिसते, पण तिला मालक असतो. तिचा भाग काढणे ही चोरीच ठरते. माल नेहमी नोंदणीकृत मालकाकडून किंवा परवानाधारक भंगार केंद्रातून पावती घेऊन घ्यावा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५५ प्रमाणे वाहन कायमचे निकामी झाल्याची खबर मालकाने चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी कार्यालयास द्यावयाची असते. ती दिल्याची खात्री करून घ्यावी.

मोडलेल्या मोटारीतून पुन्हा मोटार निघत नाही. पण तीतून पाण्याची एक गाडी, एक चांगला कोयता आणि कोपीतला एक दिवा निघू शकतो. हे तिन्ही नीट जमले तर टंचाईच्या वर्षी पाण्यासाठी आणि तोडणीच्या हंगामात अवजारासाठी कुटुंबास दुसऱ्याच्या दारी जावे लागणार नाही.