खोलून बांधता येणारे यंत्र

कोल्हापूर-सांगलीकडच्या उसाच्या मुलखात, तालुक्याचे गाव संपून साखर कारखान्याचा रस्ता जिथे फुटतो त्या तिठ्याच्या आसपास, पत्र्याच्या छपराखाली चाललेले एखादे तरी ट्रॅक्टरचे गॅरेज असतेच. आणि त्याच्या अंगणात, काळ्या ऑइलने कायमच्या भिजलेल्या जमिनीवर, लाकडी ठोकळ्यांच्या आधाराने मधोमध दुभंगून ठेवलेला एक लाल ट्रॅक्टर बहुधा दृष्टीस पडतो. रेडिएटर, इंजिन आणि पुढची चाके एकीकडे. गिअरबॉक्स, आसन आणि मागची थोरली चाके दुसरीकडे. आणि मधल्या दीड-दोन हात जागेत उकिडवा बसून क्लचप्लेट उतरवणारा मिस्त्री. अनभिज्ञ मनुष्यास हा यंत्राचा अंतकाळ वाटावा, परंतु ती नित्याची मरामत असते. ट्रकला असते तशी लोखंडी चौकट या जातीच्या ट्रॅक्टरला नसतेच. इंजिनचा ब्लॉक, क्लचचे हाउसिंग आणि गिअरबॉक्स ही बिडाची ओतीव अंगेच बोल्टांनी एकमेकांना जखडून त्याचा कणा झालेली असतात, आणि म्हणून एक घासलेली तबकडी बदलण्यासाठीदेखील सबंध यंत्र कमरेत सोडवावे लागते.

हा लाल ट्रॅक्टर पुष्कळदा बी-२७५ असतो. १९६३ साली महिंद्र, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांच्या भागीदारीतून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापन झाली आणि हार्वेस्टरच्या इंग्लंडमधील शाखेने सिद्ध केलेला, चार सिलिंडरांचा व सुमारे ३५ अश्वशक्तीचा हा नमुना मुंबईच्या कांदिवलीत तयार होऊ लागला. त्याच्या आगेमागे मद्रासेस टाफेचा मॅसी फर्ग्युसन, फरिदाबादेस आयशर आणि १९७१ पासून पिंजोर येथे एचएमटीचा, मूळच्या चेकोस्लोव्हाकियातील झेटर कुळाचा ट्रॅक्टर निघाला. परंतु त्या काळी मागणी अफाट आणि पुरवठा तुटपुंजा असल्यामुळे ट्रॅक्टरसाठी नाव नोंदवून वाट पाहावी लागे. पूर्व युरोपातून आयात झालेली यंत्रे राज्याराज्यांच्या कृषी उद्योग महामंडळांमार्फत वाटली जात, आणि आपल्याकडचे असे महामंडळ १९६५ मध्ये स्थापन झाले होते. ज्या खातेदाराने कर्ज काढून, अर्जविनंत्या करून, कचेरीचे उंबरे झिजवून यंत्र दाराशी आणले, तो ते बिघडले म्हणून टाकून देणे शक्यच नव्हते. दुरुस्तीची ही सारी विद्या त्या टंचाईच्या पोटी जन्मली, असे माझे मत आहे. सुबत्तेत ती इतकी रुजली नसती.

परंतु केवळ गरजेने विद्या टिकत नाही, यंत्रानेही तिला साथ द्यावी लागते. जुन्या आराखडेकारांची थोरवी मला इथे दिसते. यंत्र झिजणार हे त्यांनी मनोमन मान्य केले होते, आणि ते कोठे झिजावे हेही त्यांनीच मुक्रर करून ठेवले होते. पिस्टन ज्या नळकांड्यात खालीवर होतो त्यास त्यांनी लायनरचे वेगळे अस्तर दिले, म्हणजे अस्तर झिजेल, ब्लॉक वाचेल. क्रँकशाफ्ट ज्यांवर फिरतो त्या बेअरिंगांचा धातू मुद्दाम मऊ ठेवला, म्हणजे आधी कवच जाईल, शाफ्ट मागाहून. आणि शाफ्टही झिजलाच, तर तो घासून पुन्हा वर्तुळाकार करता यावा इतका धातू त्याच्या अंगी शिल्लक ठेवला.

इंजिन 'कामाला आले' हे मिस्त्री प्रथम कानाने आणि नाकाने ओळखतो. ब्रीदरच्या नळीतून धुराचे झोत निघू लागले, ऑइल दर आठवड्याला कमी भरू लागले, सकाळी हीटर तापवूनही इंजिन धरेना आणि धन्याने गाडी उतारावर लावून ठेवण्याची सवय लावून घेतली, की हेड उतरवण्याची वेळ आली असे समजावे. हेड उतरल्यावर तो पहिल्याने काय करतो, तर लायनरच्या वरच्या काठाखाली अंगठ्याचे नख फिरवतो. रिंग जिथवर चढते तिथवर धातू झिजलेला असतो आणि त्यावर, जिथे रिंग पोचतच नाही, तिथे मूळचा व्यास कायम असतो. या दोहोंच्या सीमेवर पडलेली कड नखाला अडली, की बोअरगेज पेटीतून निघण्यापूर्वीच निकाल लागलेला असतो. गेज नंतर फिरते, पण ते धन्याची खात्री पटवण्यापुरते.

"अण्णा, चारही लायनर घ्यावे लागणार. क्रँक बघू, दहावर होतंय का वीसवर जातंय."

हे दहा, वीस, तीस, चाळीस म्हणजे इंचाचे हजारांश. क्रँकशाफ्ट तितक्या मापाने घासायचा आणि त्या मानाने अधिक जाड कवचांच्या बेअरिंग बसवायच्या, अशी ही चार पायऱ्यांची उतरंड आहे. शेवटच्या पायरीवर पोचलेला क्रँक पुढल्या खेपेस बदलावाच लागतो. म्हणून शहाणा धनी जुना ट्रॅक्टर विकत घेताना रंग आणि टायर पाहत नाही, क्रँक कितीवर आहे ते विचारतो.

घासण्याचे काम गॅरेजात होत नाही. तेथून क्रँक, ब्लॉक आणि हेड पोत्यात गुंडाळून एसटीच्या टपावरून किंवा टेम्पोतून ग्राइंडिंगवाल्याकडे जाते, आणि त्या बाजूला असे काम पुष्कळदा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात पोचते. नदीकाठच्या उसाला पाणी उपसणारी ऑइल इंजिने ओतण्यात, कातण्यात आणि जुळवण्यात ज्या वस्तीने आपला हात बसवला, तिला ट्रॅक्टरचा क्रँक अपरिचित वाटण्याचे कारण नव्हते. एका गल्लीत ओतशाळा, दुसरीत लेथ, तिसरीत बोअरिंग अशी ही विभागणी कोणाच्या हुकमाने झालेली नाही. तालुक्याचा मिस्त्री, उद्यमनगरचा ग्राइंडर, पंपाचा कॅलिब्रेशनवाला आणि सुट्या भागांचा दुकानदार मिळून एक संस्था होते, जिला नाव नाही, घटना नाही, दप्तरही नाही.

माल परत आला, की खरे काम सुरू होते, ते बांधणीचे. इंजिन कोणीही खोलतो, बांधणारा विरळा. नव्या लायनरच्या आतल्या अंगावर होनिंगच्या तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा आहेत की नाही हे उजेडात धरून पाहिले जाते, कारण ऑइल त्या रेघांतच थांबायचे असते. रिंग एकटीच लायनरमध्ये सोडून, पिस्टनच्या माथ्याने ती सरळ खाली ढकलून, तिच्या तोंडातली फट फीलरच्या पातीने मोजतात. तापलेली रिंग लांबते, आणि फट राखलेली नसेल तर तिची टोके एकमेकांना भिडून लायनर ओरबाडला जातो. बेअरिंगची ढिलाई तपासण्यासाठी जुने कारागीर शिशाची बारीक तार कवचात ठेवून कॅप आवळीत, पुन्हा सोडीत आणि चपटी झालेली तार मायक्रोमीटरने मापीत. हे सारे जेथे चालते तेथे जमीन मातीची असते आणि शेजारून मुरुमाच्या गाड्या जात असतात. पोऱ्याला झाडू मारू न देणे, तेवढ्या दिवसापुरते, हा त्या गॅरेजचा कडक नियम असतो.

धुळीचे नाव निघाले म्हणून सांगतो, लायनर खाणारा खरा शत्रू तीच. या जुन्या ट्रॅक्टरांना ऑइलबाथ एअर क्लीनर असतो: आत येणारी हवा ऑइलच्या वाटीवरून फिरून जाते आणि धूळ ऑइलात राहते. वाटी धुऊन ऑइल बदलणे पाव तासाचे काम. नांगरटीच्या दिवसांत ते रोज करावे असे पुस्तिकेत लिहिलेले असते आणि पुष्कळ शिवारांत ते हंगामास एकदा होते. मिस्त्रीच्या पोटापाण्याची तजवीज त्या वाटीतल्या चिखलाने केलेली आहे, असे एकदा विनोदाने म्हटलेले ऐकले. मला त्यात विनोद फारसा वाटला नाही.

डिझेलचा पंप आणि नोझल हा निराळाच प्रांत. नोझलची सुई आणि तिचे घर यांतली फट मिलिमीटरच्या दोन-चार हजारांशांइतकी असल्याने ती उघड्यावर खोलणे निषिद्ध. कॅलिब्रेशनवाला ती हातपंपाच्या बाकावर चढवतो आणि दांडा हाणतो. निरोगी नोझल करकर असा तुटक आवाज करून धुक्यासारखा फवारा सोडते, आणि आजारी नोझल नुसती धार सोडते किंवा टोकाशी थेंब धरते. बसवून झाल्यावर नळ्यांत अडकलेली हवा काढावी लागते. फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, हातपंप दाबत राहायचा, आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग अखंड डिझेल. तेव्हा स्क्रू आवळून तोच विधी पुढे नोझलच्या नटांशी. टाकी कोरडी पडू देणाऱ्या चालकास हे रात्री शेतात, टॉर्चच्या उजेडात शिकावे लागते.

ट्रक आणि कम्बाइन यांचे शास्त्र याहून फारसे वेगळे नाही. टाटांनी १९५४ पासून डाइम्लर-बेंझच्या सहकार्याने बांधलेल्या ट्रकांनी देशभरच्या मिस्त्र्यांचे जे हात तयार केले, तेच पुढे ट्रॅक्टरांवर वळले; आणि पंजाबातून गव्हा-सोयाबीनच्या काढणीस येणाऱ्या कम्बाइनांतही अनेकदा ट्रकांच्याच जातीचे इंजिन असते. फरक हत्यारांत पडतो. झेटरला मिलिमीटरचे पाने लागतात, बी-२७५ आणि मॅसीला इंची. चुकीच्या पान्याने घसरवलेले बोल्ट पाहून मागच्या मिस्त्रीची लायकी पुढचा मिस्त्री जोखतो.

या यंत्रांचे गोडवे गाण्याची मला इच्छा नाही. ती धूर ओकतात, आडवी झाली तर चालकाच्या डोक्यावर आडोसा नसतो, आणि उसाच्या दोन-दोन ट्रेलरांपुढे जुंपल्यावर ज्यांचे ब्रेक मुळात इतक्या ओझ्यासाठी नव्हतेच अशी ती रात्री रस्त्यावर धावतात, हे दुरुस्तीच्या कोणत्याही कौशल्याने समर्थनीय ठरत नाही. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांस धुराचे कडक नियम लागू झाले, ते योग्यच झाले. मात्र त्यांबरोबर आलेली संगणकनियंत्रित इंधनव्यवस्था नखाला कड लागू देत नाही; तिचा दोष स्कॅनर सांगतो, आणि स्कॅनर कंपनीच्या केंद्रात असतो. तालुक्याच्या मिस्त्रीस त्याचा अधिकृत दाखला आणि शिक्षण सुलभपणे मिळावे अशी तजवीज झाली नाही, तर स्वच्छ धुराची किंमत धनी हंगामातल्या थांबलेल्या दिवसांनी मोजील.

बांधलेल्या इंजिनाला पहिले पन्नासेक तास हलके काम द्यावे, मग ऑइल बदलावे, हेडचे बोल्ट पुन्हा आवळावे, टॅपेट नव्याने लावावे, हे मिस्त्री प्रत्येकाला सांगतो. पण इंजिने बांधायला येतात ती दसऱ्याच्या तोंडावर. खंडेनवमीला पान्यांची पूजा होते आणि अल्पावधीत गाळप सुरू होऊन ट्रेलर जोडले जातात. पन्नास तास कोठून आणायचे? मिस्त्री मुकाट्याने दिवाळीनंतर एकदा कारखान्याच्या वाहनतळावर चक्कर टाकतो आणि आपण बांधलेल्या गाड्यांचे बोल्ट रांगेत उभ्या असतानाच आवळून येतो. त्याचा मोबदला तो मागत नाही, कारण मूळ बिलच अजून वहीत उधार असते, आणि ते उसाचे पैसे आल्यावर फिटायचे असते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ते पैसे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत मिळायला हवेत. ज्या वर्षी कारखाना तो शब्द पाळतो, त्या वर्षी मिस्त्रीची वही संक्रांतीच्या सुमारास कोरी होते, आणि एरवी ती पाडव्यापर्यंत लांबते.