चिंध्यांची तेमारी

‘तेमारी’तल्या ‘मारी’चा चहाबरोबरच्या बिस्किटाशी काही संबंध नाही! जपानी भाषेत ‘ते’ म्हणजे हात आणि ‘मारी’ म्हणजे चेंडू. रंगीत दोऱ्यांच्या नक्षीचा हा चेंडू आज शोभेसाठी ठेवतात, पण पूर्वी तो मुलांचं खेळणं होता. जुन्या किमोनोच्या चिंध्या घट्ट गुंडाळून आई-आजी तो घरीच करत. रबरी चेंडू आले आणि तेमारी कपाटात जाऊन बसली. मात्सुमोतो शहरात तर रस्त्यावरच्या गटारांच्या झाकणांवरही तिची नक्षी दिसते.

हल्ली थर्माकोलचा तयार गोळा आणि नवे दोरे आणूनही तेमारी करतात. पण जी कला जुनं कापड वाया जाऊ नये म्हणून वाढली, तिच्यासाठी नवी खरेदी कशाला?

आमच्या बडोद्याच्या घरी आजीचं एक सुती लुगडं होतं. ती गेली तेव्हा ते इतकं विरलं होतं की गोधडीलाही चाललं नसतं, आणि फडकं म्हणून वापरायला कुणाचा हात धजेना. माझ्या पहिल्या तेमारीच्या पोटात तेच गेलं.

कृती सोपी आहे. जुन्या मोज्यात चिंध्या ठासून भरा. खुळखुळा हवा असेल तर छोट्या डबीत चार चिंचोके घालून ती मधोमध ठेवा. वरून उसवलेल्या स्वेटरची लोकर आणि मग शिवणाचा उरलेला दोरा गुंडाळा. चेंडू सतत फिरवत राहा, म्हणजे तो गोल होतो. दोऱ्याचा थर चांगला जाड हवा, कारण नक्षीचे टाके त्यातच बसतात.

आता माझ्यासारख्या इंजिनिअरला आवडणारा भाग. मापाला फक्त कागदाची पट्टी लागते. उत्तर ध्रुवावर टाचणी टोचून पट्टी चेंडूभोवती फिरवा आणि परत टाचणीशी आली की कापा. घेर २४ सेंमी असेल तर अर्ध्यावर, १२ सेंमीला, दक्षिण ध्रुव. ६ सेंमीला विषुववृत्त. विषुववृत्तावर दर ३ सेंमीला टाचणी लावली की आठ समान भाग. त्यावरून ध्रुवापासून ध्रुवापर्यंत दोरे ताणा.

एका रेषेवर ध्रुवाजवळ टाका, पुढच्या रेषेवर विषुववृत्ताजवळ, पुन्हा ध्रुवाजवळ. एक फेरी झाली की चार पाकळ्या. एक रेषा पुढे सरकून दुसऱ्या रंगाने तसंच केलं की उरलेल्या चार. अशा फेऱ्या वाढवत गेलं की शेवंती फुलते. जपानीत या नक्षीला ‘किकू’, म्हणजे शेवंतीच म्हणतात.

संत्र्याएवढ्या चेंडूला मला तीन-चार संध्याकाळी लागतात. तुम्ही कराल तेव्हा चिंध्या निवडायला घरातल्या मोठ्यांना सोबत घ्या. कुठलं कापड कुणाचं, हे त्यांनाच ठाऊक असतं.