लंडनचा रेगे, जमैकाचा मुखवटा

‘रेगे’ म्हटले की मराठी माणसाला आधी आडनाव आठवते आणि नंतर बॉब मार्ले. मार्लेच्या पलीकडे आपली या संगीताशी ओळख सहसा जात नाही. रेगे जमैकाचा, हे खरेच. पण १९७० च्या दशकात त्याची एक सशक्त शाखा दक्षिण लंडनमध्ये फुटली होती. ‘मातुंबी’ हा त्या शाखेतील एक महत्त्वाचा बँड. अवघ्या दशकभरात तो उभा राहिला, गाजला आणि विखुरला. त्याची ही वाटचाल समजून घेतली, तर स्थलांतरितांच्या पुढच्या पिढीला स्वतःचा आवाज मिळवण्यासाठी काय काय करावे लागते, हेही समजते.

१९४८ मध्ये ‘एम्पायर विंडरश’ हे जहाज कॅरेबियन बेटांवरचे प्रवासी घेऊन इंग्लंडला पोहोचले. त्यानंतरच्या दोन दशकांत तिथून हजारो कुटुंबे ब्रिटनमध्ये आली. त्यांची मुले लंडन-बर्मिंगहॅमच्या शाळांत शिकली, पण नोकरी, घर आणि पोलीस यांच्या बाबतीत रंगभेदाचे चटके त्यांनाही बसत होते. क्लबांची दारे अनेकदा बंद असल्याने या तरुणांनी करमणुकीची आपली सोय आपणच केली. तिचे नाव ‘साउंड सिस्टीम’. माणसाच्या उंचीचे स्पीकर, घरी जुळवलेले अ‍ॅम्प्लिफायर आणि निवडक तबकड्या घेऊन एखाद्या सभागृहात किंवा तळघरात रात्रभर नाच चाले. कोणत्या सिस्टीमकडे नवी, दुसऱ्या कोणाकडे नसलेली तबकडी आहे, यावर तिची प्रतिष्ठा ठरे.

डेनिस बोव्हेल याच वातावरणात वाढला. त्याचा जन्म १९५३ चा, बार्बाडोसचा. शाळकरी वयात तो लंडनला आला. १९७० च्या दशकाच्या आरंभी त्याने काही मित्रांसह ‘मातुंबी’ची स्थापना केली. बोव्हेल गिटार वाजवी. ईटन ब्लेक बासवर, यूटन जोन्स ड्रमवर, निकोलस बेली कीबोर्डवर, तर गायनात टेक्स डिक्सन, बेव्हिन फेगन आणि ग्लेस्टर फेगन असा संच होता. जमैकाहून दौऱ्यावर येणाऱ्या गायकांना साथ करणे हे सुरुवातीचे काम. त्यातूनच बँडचा हात तयार झाला.

हे संगीत वाजवायला दिसते तितके सोपे नाही. आपल्याकडे समेवर येण्याला महत्त्व. रेगेच्या ‘वन ड्रॉप’ या ठेक्यात मात्र चारपैकी पहिली मात्रा रिकामी सोडतात आणि ढोलाचा भार तिसऱ्या मात्रेवर पडतो. गिटारचे तुटक आघात मधल्या जागा भरतात आणि गाण्याची खरी चाल बास गिटार सांगते. ‘रूट्स’ रेगे म्हणजे या ठेक्यावर रास्ताफारी श्रद्धा, आफ्रिकेची ओढ आणि अन्यायाविरुद्धचा रोष मांडणारी गाणी.

मातुंबीसमोरची खरी अडचण वेगळीच होती. ब्रिटनमध्ये तयार झालेला रेगे म्हणजे नक्कल, असा समज रेगेच्या चाहत्यांतच पक्का होता. अस्सल माल जमैकाहूनच येतो, असे दुकानदार आणि साउंड सिस्टीमवालेही मानत. बोव्हेलने त्यावर युक्ती काढली. काही तबकड्या त्याने कोऱ्या लेबलाच्या बाजारात आणल्या. नाव नाही, गाव नाही. जमैकाहून आलेला नवा माल समजून लोक त्यावर नाचले. लंडनच्या संगीताला लंडनमध्येच ऐकले जाण्यासाठी जन्मस्थान लपवावे लागत होते.

१९७६ मध्ये मात्र चित्र पालटले. ‘आफ्टर टुनाइट’ हे हळुवार गाणे आणि बॉब डिलनच्या ‘द मॅन इन मी’चे रेगे रूप या दोन्ही गाण्यांनी मातुंबीचे नाव घरोघरी पोहोचवले. ‘ट्रोजन’ या कंपनीशी बँडचे सूत टिकले नाही. पण १९७८ मध्ये ईएमआयच्या ‘हार्वेस्ट’ या लेबलने त्यांच्याशी करार केला. ‘पिंक फ्लॉइड’च्या तबकड्या काढणारे हेच लेबल. त्याच वर्षी आलेला ‘सेव्हन सील्स’ हा अल्बम ब्रिटिश रूट्स रेगेतील एक मानबिंदू ठरला. कृष्णवर्णीय वस्तीच्या जीवनावरील ‘एम्पायर रोड’ या बीबीसी मालिकेचे शीर्षकसंगीतही मातुंबीचेच. १९७९ मध्ये ‘पॉइंट ऑफ व्ह्यू’ हे गाणे ब्रिटिश लोकप्रिय गीतांच्या यादीत पहिल्या चाळीसांत गेले.

या यशामागे एक कटू प्रकरणही होते. बोव्हेल स्वतःची साउंड सिस्टीमही चालवत असे. १९७४ मध्ये उत्तर लंडनमधील क्रिकलवूडच्या एका क्लबात ती सुरू असताना पोलिसांनी छापा घातला आणि धुमश्चक्री झाली. पोलिसांविरुद्ध जमावाला चिथावल्याचा आरोप बोव्हेलवर आला. त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. सहा महिने तुरुंगात काढल्यावर अपिलात ती रद्द झाली. या अनुभवाची छाया १९८० च्या ‘बॅबिलॉन’ या चित्रपटावर आहे आणि त्याचे संगीतही बोव्हेलनेच दिले.

मग बँड फुटला कशाने? कोणा एकाच्या भांडणाकडे बोट दाखवणे सोपे असते. इथे कारण यशातच होते. एव्हाना बोव्हेल केवळ मातुंबीचा गिटारवादक राहिला नव्हता. लिंटन क्वेसी जॉन्सन या कवीच्या अल्बमांना त्याने संगीताची चौकट दिली. ‘द स्लिट्स’ या पंक बँडचा ‘कट’ हा अल्बम त्याने घडवला. १९७९ मध्ये त्याने लिहिलेले आणि जॅनेट के हिने गायलेले ‘सिली गेम्स’ ब्रिटिश यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले; मातुंबीच्या कोणत्याही गाण्याला ती उंची गाठता आली नव्हती. बेलीने ‘निक स्ट्रेकर’ या नावाने काढलेले गाणे १९८० मध्ये गाजले. ज्याच्या त्याच्या अंगी स्वतंत्र काम पेलण्याची ताकद आली होती आणि बँडसाठी वेळ कोणापाशीच उरला नव्हता. शिवाय ‘सेव्हन सील्स’चे गांभीर्य आणि ‘पॉइंट ऑफ व्ह्यू’ची खेळकर चाल यांतले अंतरही एका छत्राखाली राहणे अवघड करणारे होते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मातुंबी थांबला. फेगन आणि ब्लेक ‘द स्क्वॉड’ या नावाने गात-वाजवत राहिले, तर बोव्हेलने ‘डब बँड’ उभा करून जॉन्सनची साथ सुरू ठेवली.

स्टीव्ह मॅक्वीन या दिग्दर्शकाच्या २०२० मधील ‘लव्हर्स रॉक’ या चित्रपटात लंडनच्या एका घरातली नाचाची रात्र आहे. त्यात ‘सिली गेम्स’ संपल्यावरही जमलेली मंडळी वाद्यांविना ते गाणे गातच राहतात. पुढच्याच वर्षी बोव्हेलला ‘एमबीई’ हा ब्रिटिश सन्मान मिळाला. ज्याला आपल्या तबकड्यांवर नाव छापायची सोय नव्हती, त्याच्या कामावर आता देशाची मोहोर उमटली. मातुंबी परत उभा राहिला नाही. मात्र ब्रिटनचा रेगे ही नक्कल नव्हे, हे सिद्ध करण्यासाठी आज कोणाला कोऱ्या लेबलाचा आधार घ्यावा लागत नाही.