सनदेची परीक्षा आणि उभयान्वयी अव्यये

अमेरिकेत वकिलीची सनद घटकराज्याकडून मिळते आणि तीसाठी सामान्यतः लेखी परीक्षा द्यावी लागते. न्यूयॉर्क राज्याने २०१६ साली स्वीकारलेल्या परीक्षापद्धतीत निम्मे गुण बहुपर्यायी प्रश्नांस आहेत. १९७२ पासून घेतल्या जाणाऱ्या या प्रश्नपत्रिकेत सहा तासांत २०० प्रश्न सोडवावयाचे असतात. एका प्रश्नास पुरती दोन मिनिटेही मिळत नाहीत. परदेशी विधिपदवीधरांनाही विशिष्ट अटींवर या परीक्षेस बसता येत असल्याने मराठी भाषकांसही तिचे स्वरूप जाणून घेणे अगत्याचे आहे.

या परीक्षेची तयारी म्हणजे कायद्याचे पाठांतर, असा समज आढळतो. पाठांतर आवश्यक खरेच; परंतु पर्यायांतील भेद पुष्कळदा एका अव्ययावर अवलंबून असतो. समजा, एक मनुष्य रात्री शेजाऱ्याच्या राहत्या घराचे बंद दार परवानगीवाचून उघडून आत शिरतो आणि घड्याळ घेऊन जातो. शिरतेवेळचा त्याचा हेतू प्रश्नात सांगितलेला नाही. इंग्लंडच्या परंपरागत कायद्यानुसार ही घरफोडी ठरेल काय?

‘होय, कारण त्याने बंद दार उघडले’ या पर्यायातील घटना खरी आहे; पण निर्णयास ती अपुरी आहे. ‘होय, जर घड्याळ मौल्यवान असेल’ हा पर्याय नवी घटना गृहीत धरावयास लावतो. मात्र तिने निर्णय बदलत नाही. ‘नाही, शिरतानाच गुन्ह्याचा हेतू असल्याखेरीज’ हा पर्याय बरोबर होय. कारण त्या कायद्यात प्रवेशसमयीचा हेतू हेच निर्णायक लक्षण आहे.

येथे मराठी भाषकाची अडचण निराळी आहे. इंग्रजीतील ‘अन्लेस’ हे उभयान्वयी अव्यय निर्णयानंतर येते. मराठीत तेच कार्य बहुधा ‘खेरीज’, ‘वाचून’ ही शब्दयोगी अव्यये करतात आणि अपवाद निर्णयाच्या आधी येतो: ‘शिरतानाच गुन्ह्याचा हेतू असल्याखेरीज घरफोडी होत नाही.’ त्यामुळे आरंभीचा ‘नाही’ वाचताच मन निर्णय करून मोकळे होते आणि पुढील अट दुर्लक्षित राहते.

म्हणून सरावाच्या वेळी प्रत्येक पर्यायाची मनातल्या मनात अट आधी, निर्णय नंतर अशी पुनर्रचना करावी. त्याज्य पर्यायांपुढे त्याज्यतेचे कारणही लिहावे: घटना खोटी, अपुरी की अप्रस्तुत. परीक्षा फेब्रुवारी व जुलै अशी वर्षातून दोनदाच होते; काही थोड्या गुणांनी अपयश आले, तरी उमेदवाराची निदान पाच-सहा महिन्यांची उपजीविका लांबणीवर पडते. व्याकरणाच्या अभ्यासाचे व्यावहारिक मोल याहून स्पष्टपणे क्वचितच दिसते.