काजवे पाहायला निघताना वळवाच्या वेळा सांभाळा

अहिल्यानगर - मे महिन्याचा उत्तरार्ध सुरू झाला, की नगरहून पश्चिमेला अकोले तालुक्याकडे जाणाऱ्या पर्यटकांची संख्या वाढते. निमित्त असते काजव्यांचे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात वळवाच्या एक-दोन सरी झाल्या, की हिरडा, बेहडा, सादड्याची झाडे काजव्यांनी उजळतात. मोसमी पावसाने जोर धरला, की हा सोहळा आटोपतो. थोडक्यात, ज्या पावसामुळे सहल ठरते, तोच ती उधळूनही लावतो. २०२५ मध्ये मुंबईत मोसमी पाऊस २६ मे रोजीच दाखल झाला. त्याची नेहमीची तारीख ११ जून. जूनचा पहिला आठवडा धरून बसलेल्यांचे काय झाले असेल, हे सांगायला नको.

तारीख बेभरवशाची असली, तरी वळवाला घड्याळ मात्र बऱ्यापैकी ठाऊक असते. सकाळपासून जमीन तापते, तापलेली हवा समुद्रावरून आलेले बाष्प घेऊन वर चढते आणि दुपारनंतर उंच ढग उभे राहतात. त्यामुळे वादळ, विजा आणि गारा यांचा जोर बहुधा दुपार ते रात्रीचा पहिला प्रहर या वेळात असतो. काजवे पाहायचे ते अंधार पडल्यावर, म्हणजे नेमके याच सुमारास. म्हणूनच त्याच रात्री घरी परतण्याचा बेत मुळातच चुकीचा ठरतो.

नगर-राहुरी-कोल्हार-लोणी-संगमनेर-अकोले-राजूर हा रस्ता भंडारदऱ्यापर्यंत सुमारे दीडशे किलोमीटरचा आहे. पहाटे निघाल्यास दुपारच्या आत मुक्कामी पोचता येते. संगमनेरला चहासाठी थांबाल, तेव्हा हवामान खात्याचा पुढील तीन तासांचा अंदाज पाहून घ्यावा. जिल्ह्याला नारंगी इशारा असेल, तर पुढे जाण्याची घाई नको. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाइल अ‍ॅप परिसरात वीज पडण्याची सूचना देते. डोंगराळ भागात नेटवर्क जाते, हे मात्र लक्षात ठेवावे.

वाटेत वादळाने गाठलेच, तर झाड किंवा जाहिरात फलकाचा आडोसा घेऊ नये. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरमध्ये वादळात पेट्रोल पंपावर फलक कोसळून १७ जणांचा बळी गेला होता. विजा चमकत असताना काचा वर करून मोटारीतच बसणे अधिक सुरक्षित. दुचाकीस्वारांना ही सोय नाही. त्यातच पहिल्या सरीने धूळ आणि सांडलेले तेल एकत्र होऊन रस्ता निसरडा होतो. त्यांनी पक्के घर किंवा दुकान गाठून पाऊस ओसरेपर्यंत थांबावे.

अभयारण्यातील प्रवेशाच्या वेळा निघण्यापूर्वी वन विभागाकडे विचाराव्यात. मुक्कामाचे आगाऊ पैसे भरताना तारीख दोन-चार दिवस पुढे-मागे करता येईल का, हेही विचारून घ्यावे. नकार मिळाल्यास दुसरे ठिकाण पाहिलेले बरे.