भत्त्याच्या बदल्यात ११६ कोटी तास

उज्जैनच्या फ्रीगंजातल्या झेरॉक्सच्या दुकानात परवा एक मुलगा दहावीपासून बी.ई.पर्यंतच्या गुणपत्रिकांच्या प्रती काढत होता. प्लॅस्टिकच्या फायलीच्या कडा झिजून पांढऱ्या पडल्या होत्या. शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "सरकारने या मुलांना भत्ता द्यावा, पण घाट झाडून घ्यावेत. फुकट कशाला?" मुलाने मान वर केली नाही. प्रती मोजल्या, पैसे दिले, निघून गेला. ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. शेवटी वही घेऊन बसलो.

मध्य प्रदेशच्या रोजगार पोर्टलवर नावं नोंदवलेल्यांचा आकडा २०२५ साली विधानसभेत सांगितला गेला, तो २९ लाखांच्या वर होता. २०११च्या जनगणनेत उज्जैन शहराची लोकसंख्या ५ लाख १५ हजार होती. म्हणजे तान्ह्या बाळांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळं धरून साडेपाच उज्जैनं. अर्ध्या मीटरवर एक अशी ही मुलं रस्त्याच्या कडेने उभी केली, तर रांग १,४५० किलोमीटरची होते. इथून मुंबईला पोचून परत महाकालाच्या दारी आली तरी ती संपत नाही.

आता या प्रत्येकाकडून दिवसाला चार तास, शंभर दिवस फुकट काम घेतलं असं धरू. ११६ कोटी तास होतात. रोज आठ तास, वर्षाला तीनशे दिवस, चाळीस वर्षं राबणाऱ्या माणसाची अख्खी हयात ९६ हजार तासांत मावते. म्हणजे शंभर दिवसांत आपण बारा हजार माणसांची आयुष्यं वापरून टाकली. रोजगार हमीचा मध्य प्रदेशातला २०२५-२६चा दर दिवसाला २६१ रुपये. अर्ध्या दिवसाची मजुरी धरली तरी या श्रमाची किंमत ३,७८४ कोटी रुपये होते. हे पैसे भत्त्यातून फिटतात असं म्हणायचं असेल, तर तो भत्ता उरत नाही. ती मजुरीच झाली, आणि मजुरी म्हटली की किती, हा प्रश्न आलाच.

आपल्या राज्याने हा प्रयोग केलेला आहे. २०१९च्या युवा स्वाभिमान योजनेत शहरांतल्या २१ ते ३० वयाच्या गरीब मुलांना शंभर दिवसांचं काम आणि प्रशिक्षण होतं, महिन्याला ४,००० रुपये. दिवसाला साधारण १३३. त्याच वर्षी गावात खड्डा खणणाऱ्याला रोजगार हमीचे १७६ मिळत होते. प्रशिक्षणाचं मोल मी कमी लेखत नाही, पण मुलाचा दिवस मात्र पुरा बांधला जात होता.

फुकट काम करून घेण्याला मराठीत जुना शब्द आहे: वेठ. राज्यघटनेच्या २३व्या कलमात वेठबिगारीला नाव घेऊन मनाई आहे. १९८३मध्ये संजित रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर राजस्थानातल्या दुष्काळी कामावरच्या बायका होत्या. रस्ता मदनगंज ते हरमाडा, किमान वेतन दिवसाला सात रुपये, हातात पडत होते त्याहून कमी. ही तर मदत आहे, असं सरकारचं म्हणणं होतं. न्यायालयाने ते मानलं नाही. किमान वेतनापेक्षा कमी देऊन घेतलेलं काम म्हणजे सक्तीची मजुरी, मग ते दुष्काळाचं का असेना. सात रुपयांना जे लागू, ते शून्य रुपयाला लागू नाही?

महाराष्ट्राने तर हा प्रश्नच उलटा मांडला होता. १९७२च्या दुष्काळात लोकांनी काम मागितलं, आणि मे १९७३मध्ये खडी फोडायला, बंधारे घालायला जवळपास ५० लाख माणसं कामावर होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीचा कायदा १९७९पासून अमलात आला. या हमीच्या खर्चासाठी पगारदारांवर १९७५मध्ये बसवलेला व्यवसाय कर अजून पगारपत्रकावर दिसतो: अकरा महिने २००, फेब्रुवारीत ३००. पुढे २००५च्या केंद्रीय कायद्यात अर्जापासून पंधरा दिवसांत काम मिळालं नाही तर बेकारी भत्ता ठेवला गेला. पहिले तीस दिवस मजुरीच्या किमान चौथा हिस्सा, नंतर निम्मा. तिथे भत्ता हा काम न देऊ शकलेल्या सरकारवरचा दंड होता. मजुरी थकली तर भरपाई होती दिवसाला ०.०५ टक्के. २०२५-२६च्या दराने सहा दिवसांचे १,५६६ रुपये अडकले, तर रोजचे ७८ पैसे! आणि हे सगळं गावासाठी. फ्रीगंजातल्या त्या मुलाला यातलं काहीच नाही.

तो काम टाळतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी २०२१चा डिसेंबर आठवावा. ग्वाल्हेरच्या जिल्हा न्यायालयात शिपाई, चालक, चौकीदार अशा १५ जागांसाठी सुमारे ११ हजार जण आले. त्यांत इंजिनिअर होते, एम.बी.ए. होते. प्रत्येकाचा एकच दिवस मोजला तरी एका जत्रेत तीस वर्षं गेली, बिनपगारी.

२०२८च्या सिंहस्थात घाट झाडायला माणसं लागणारच आहेत. त्या मुलाला बोलवा, तो येईल. फक्त हजेरीपटावर त्याच्या नावापुढे किमान वेतनाचा आकडा आधी लिहा.